‘माझा स्वभावच असा आहे’ हे पुन्हा ऐकायचं नाही

बसा. मोबाईल दप्तरात टाका. मागच्या दोन बाकांवरचे पुढे या. पुढे जागा आहे, आणि इथे कोणी कोणाला खात नाही.

कालच्या सराव तोंडी परीक्षेबद्दल बोलायचं आहे. लेखी चाचणीत तुम्ही बरे आहात. जर्नल पूर्ण आहेत, सबमिशन वेळेवर झालंय, प्रॅक्टिकलला हात चालतात. तरी काल बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुमच्यातल्या बहुतेकांना काठावर ठेवलं, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कशाच्या जोरावर घालणार? तुम्ही आत आलात, खुर्चीच्या टोकावर टेकलात आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत स्वतःविरुद्ध साक्ष देऊन मोकळे झालात. ‘सर, माझं मशीन्स जरा वीक आहे.’ ‘मॅडम, मी मराठी मीडियमचा.’ ‘मला स्टेज डेअरिंग नाही.’ ‘मी मुळातच कमी बोलते.’ विचारलं होतं कोणी? परीक्षक कोऱ्या मनाने बसला होता. तुमचं नावसुद्धा त्याने कागदावरून वाचलं. तुमच्याबद्दलचं पहिलं वाईट मत त्याला तुम्हीच पुरवलंत. फुकट आणि घरपोच.

तुमच्यातल्या एकाचं सांगतो. नाव घेत नाही, पण त्याने आत्ता मान खाली घातली, म्हणजे त्याला कळलंय. त्याला विचारलं, ‘सिंगल फेज इंडक्शन मोटर आपली आपण सुरू का होत नाही?’ अगदी साधा प्रश्न. हा म्हणाला, ‘सर, एवढं नाही सांगता येणार.’ आवाज असा की शेजारच्या टेबलावरचा पंखा जास्त बोलत होता. परीक्षकांनी ‘ठीक आहे’ म्हणून पुढचं पान उलटलं. मी चहाला बाहेर आलो, तर हेच महाराज जिन्यात मित्राला समजावून सांगत होते. हातवारे करून, घसा ताणून. ‘अरे, एका फेजला फील्ड गोल फिरतच नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं. रोटरला दोन्हीकडून सारखाच जोर, मग तो जाणार कुठे? म्हणून ऑक्झिलरी वाइंडिंग द्यायचं आणि कपॅसिटर लावायचा. दोन्ही करंट पुढेमागे झाले की दिशा मिळते. घरचा पंखा बघ ना. कपॅसिटर गेला की नुसता गुणगुणत बसतो, हाताने ढकलला की फिरायला लागतो.’

पूर्ण मार्कांचं उत्तर होतं ते. पुस्तकातल्यापेक्षा चांगलं, कारण सुट्टीत मामाच्या रिवाइंडिंगच्या दुकानात बसून ते कमावलेलं होतं. पण मार्क जिन्यात मिळत नाहीत. आत खुर्चीवर बसलेला मुलगा आणि बाहेर जिन्यात उभा असलेला मुलगा यांच्या ज्ञानात काडीचा फरक नव्हता. फरक एवढाच की आत तो ‘मला सांगता येत नाही’ असा मुलगा होता आणि बाहेर तो मित्राला समजावणारा होता. मग मला सांगा, याचा खरा ‘स्वभाव’ कोणता? आतला की जिन्यातला?

उत्तर देऊ नका, आज मीच बोलणार आहे. ‘माझा स्वभावच असा आहे’ हे वाक्य तुम्ही लोक जन्मदाखल्यासारखं खिशात घेऊन फिरता. कुठे अडलं की काढलं आणि दाखवलं. गट चर्चेत तोंड उघडलं नाही, कारण स्वभाव. ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळं काम तुम्ही केलं आणि सादरीकरण दुसऱ्याने केलं, कारण स्वभाव. स्वभाव हे कारण नाही. ती तुम्ही वर्षानुवर्षं स्वतःबद्दल केलेल्या बडबडीची शिल्लक आहे. तुम्ही जसे बोलता, तसं लोक तुम्हाला धरून चालतात. लोक जसं धरून चालतात, तसं तुम्ही स्वतःला समजायला लागता. आणि स्वतःला जसं समजता, तसंच पुन्हा बोलता. हा घाणा एकदा फिरायला लागला की बैलाला वाटतं, रस्ता हाच.

हे मी मनाने सांगत नाही. चार्ल्स हॉर्टन कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली हे लिहून ठेवलं. माणसाची स्वतःबद्दलची कल्पना कशी बनते? आपण समोरच्याला कसे दिसत असू, याचा तो आधी अंदाज करतो. मग समोरचा आपल्याबद्दल काय मत करत असेल, याचा अंदाज करतो. आणि त्या अंदाजावर त्याला अभिमान तरी वाटतो किंवा लाज तरी. आता डोकं चालवा. यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी निव्वळ अंदाज आहेत. परीक्षकाच्या डोक्यात काय चाललंय हे तुम्हाला कोणी दाखवलेलं नाही. तो घड्याळाकडे बघत होता, कारण त्याला पाच वाजताची एसटी गाठायची होती. तुम्ही समजलात, ‘मी कंटाळवाणा आहे.’ आणि त्या समजुतीवर उरलेली तोंडी घालवलीत. प्रयोगशाळेत मीटर न लावता रीडिंग लिहिलंत तर मी जर्नल फाडतो. स्वतःबद्दलचं रीडिंग मात्र तुम्ही रोज मीटर न लावता लिहिता, आणि वर त्याच्यावर स्वतःच सही ठोकता.

हे अंदाज किती चुकतात तेही ऐका. कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावायचा, जो त्या वयाच्या पोरांना घालायची लाज वाटेल, आणि त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. मग विचारायचं, किती जणांनी तुझा शर्ट पाहिला असेल? तो म्हणायचा, जवळपास निम्म्यांनी. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आलेलं असायचं. २००३ मध्ये केनेथ सॅव्हिट्स्की आणि गिलोविच यांनी भाषणाच्या भीतीवर काम केलं. ज्यांना आधीच समजावून सांगितलं, की बाबांनो, तुमची धडधड तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही, ते इतरांपेक्षा चांगलं बोलले. त्यांना स्वतःलाही तसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही. कोणी त्यांना वक्तृत्वाचा क्लास लावला नव्हता. एक खोटा अंदाज तेवढा काढून टाकला होता.

तुमच्या हाताला घाम येतो, तो परीक्षकाला दिसत नाही. तुम्ही ‘सर, मी खूप नर्व्हस आहे’ म्हणता, ते मात्र त्याला स्वच्छ ऐकू येतं.

आता जे काल खिडकीतून बघून हसत होते, त्यांची पाळी. तुम्हाला वाटतं, आपण कडेला उभे आहोत. गैरसमज आहे. वर्गात एखादी मुलगी इंग्रजी वाक्य जुळवताना अडखळते आणि मागून ‘खॅक’ असा आवाज येतो. एखादा ‘शाळा’चा उच्चार ‘साळा’ करतो आणि वर्षभर त्याचं नाव ‘साळा’ पडतं. वर्गाच्या ग्रुपवर कोणाचा तरी फोटो टाकून ‘गावठी’ म्हणून खिदळता. गंमत असते ना? तुम्ही ज्याला वर्षभर ‘ढ’ म्हणालात, तो तुमच्याशी ‘ढ’सारखाच बोलायला लागतो, कारण दुसरं काही बोलायची सोय तुम्ही ठेवलेली नसते. मग तुम्हीच म्हणता, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’

याचाही पुरावा आहे. १९७७ साली मिनेसोटा विद्यापीठात मार्क स्नायडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनोळखी मुलामुलींना फोनवर बोलायला लावलं. मुलांच्या हातात आधी एक फोटो दिला, कोणाला देखण्या मुलीचा, कोणाला तशा नसलेल्या मुलीचा. फोटो पलीकडच्या मुलीचा नव्हताच, आणि त्या मुलींना या भानगडीचा पत्ता नव्हता. नंतर फक्त मुलींचा आवाज तिऱ्हाइतांना ऐकवला. ज्यांच्याशी मुलं देखणी समजून बोलली होती, त्या मुली अधिक मोकळ्या, अधिक स्नेहाळ वाटल्या. म्हणजे समोरच्याने जसं धरलं, तशी ती मुलगी दहा मिनिटांत झाली, आणि का झाली हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. फोनवरच्या दहा मिनिटांत एवढं होतं. तुम्ही एकमेकांबरोबर तीन वर्षं काढता. तीन वर्षांत तुमच्या ‘गमती’ने शेजारच्या बाकावर काय करून ठेवलं असेल, याचा हिशेब करा. या वर्गात इथून पुढे अडखळणाऱ्याला हसणारा बाहेर उभा राहील. पूर्ण तास. कोणाचाही मुलगा असो.

पहिल्या बाकावरच्यांनी मान डोलावू नये. तुमचंही पितळ उघडं करतो. तुम्हाला पहिलीपासून सगळ्यांनी ‘हुशार’ म्हटलं, आणि ते तुम्ही इतकं मनावर घेतलं की आता तुम्ही प्रश्नच विचारत नाही. प्रश्न विचारला तर कळेल ना, की येत नाही! क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हणून शाबासकी दिली, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हणून. पुढच्या वेळी ‘हुशार’वाल्यांपैकी बहुतेकांनी सोपं काम निवडलं, अवघड कोड्यांत आपटल्यावर त्यांची कामगिरी घसरली, आणि मार्क किती पडले हे दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातले बरेच जण खोटं बोलले. शाबासकीच्या एका वाक्याने एवढं केलं. तेव्हा पहिल्या बाकावर गप्प बसणं म्हणजे विनय, असं मला कोणी सांगू नका. शेवटच्या बाकावरचा हसतील म्हणून गप्प असतो, पहिल्या बाकावरचा किंमत कमी होईल म्हणून. भीती एकच आहे, बाक वेगळा.

आणि एक तिसरी जात आहे. ‘मी बुवा स्पष्टवक्ता, मला मागून बोलता येत नाही.’ कोणाच्याही अंगावर धावून जायचं, वाट्टेल ते तोडून बोलायचं आणि वर या बिरुदाखाली लपायचं. मी पाहतो, तुमचा स्पष्टपणा फक्त खालच्यांशी चालतो. एचओडींसमोर हाच स्पष्टवक्ता मिठाची गुळणी धरून उभा असतो. हाही ‘स्वभाव’च का? तो माणूस बघून कसा काय बदलतो मग?

कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी व्हिडिओ बघून ओळख पाठ करणाऱ्यांनाही मोकळं सोडत नाही. ‘मायसेल्फ सो अँड सो, आय ॲम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड पंक्च्युअल.’ हे म्हणणारा काल वीस मिनिटं उशिरा आला होता. ‘तुमचा कच्चा दुवा कोणता’ या प्रश्नावर एकजात सगळ्यांचं उत्तर, ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे.’ अरे, तुमच्या जर्नलमधल्या आकृत्या मी तपासतो! स्वतःला कमी दाखवणारा जितकं खोटं बोलतो, तितकंच हा. त्याचं नुकसान उलट जास्त. उसन्या वाक्यांनी ओळख करून दिली की पुढचा प्रश्न त्या उसन्या माणसाला विचारला जातो, आणि उत्तर द्यायला तुम्ही सापडता. एकदा फजिती झाली की तुम्ही समजता, ‘इंटरव्ह्यू आपलं काम नाही.’ फजिती कोणाची झाली? व्हिडिओवाल्याची. ती स्वतःच्या नावावर कशाला लावून घेता?

आता तुम्ही मनात काय म्हणताय ते मला माहीत आहे. ‘सर, आम्ही खेड्यातले. घरी कोणी शिकलेलं नाही. बोलायची सवयच नाही. आधी आत्मविश्वास तर यायला पाहिजे.’ इथेच तुमची गाडी उलटी जुंपली जाते. आत्मविश्वास आधी आणि बोलणं नंतर, हा क्रम कोणी शिकवला तुम्हाला?

ज्या मातीत बसून तुम्ही हे रडगाणं गाता, तिथे तुमच्यापेक्षा हजार पटींनी जास्त दाबलेली माणसं बोलली आहेत. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली एक लहान मुलगी. तिच्या घरात कोणती पदवी होती? तिला कोणतं इंग्रजी मीडियम होतं? धर्माच्या नावावर आपल्या माणसांवर काय चाललंय, ते तिने मराठीत थेट विचारलं. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, त्या निबंधाचं नाव निघतं.

आणि महाड. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून लांबूनच तुमची जात ओळखली जाते, ते सोडा, लुगडं इतर बायका नेसतात तसं पायघोळ नेसा, असं त्यांनी सांगितलं. परिषदेहून परतायच्या आत अनेकींनी नेसण्याची पद्धत बदलली, अशी नोंद आहे. विचार करा. बाबासाहेब त्यांना असं म्हणाले नाहीत की आधी घरी जाऊन आत्मसन्मान वाढवा, मग बघू. बाहेरचं आधी बदलायला लावलं. कारण शतकानुशतकं त्या नेसण्यातून जगाला जो निरोप जात होता, तोच उलटा फिरून मनात जाऊन बसला होता. नमस्काराचंही तेच. वरच्या जातीच्या माणसाला महाराने ‘जोहार’ घालायचा, ही रीत होती. जोहार एकाच दिशेने जायचा, खालून वर. चळवळीने तो टाकला. पुढे ‘जय भीम’ आला, आणि तो दोन माणसं एकमेकांना सारखाच म्हणतात. रोज दहा वेळा तोंडातून काय निघतं, यावर पाठीचा कणा ताठ राहतो की वाकतो ते ठरतं, हे त्या माणसांना कळलं होतं. तुम्हाला फी भरून कळत नाही.

लाजाळूपणाचा दाखला घेऊन येणाऱ्यांसाठी गांधीजींचं सांगतो. त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय, लपवलेलं नाही. लंडनला शाकाहारी मंडळाच्या समितीत होते, पण मत मांडायचं तर कागदावर लिहून आणायचे आणि वाचायलाही धीर व्हायचा नाही. दुसऱ्याने वाचून दाखवलं. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि घेतलेली फी परत केली. तुमच्यातल्या कोणाची काल एवढी नाचक्की झाली नाही. आणि १८९३ साली हाच माणूस प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत उभा राहून बोलला. विषय, व्यापारातली सचोटी. आपल्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल ते हेच, असं ते नोंदवतात, आणि विषयाची तयारी करून गेलो होतो हेही. दोन वर्षांत काय झालं? लाजाळूपणा गळून पडला नव्हता. पण त्या सभेत त्यांच्यासमोर ‘मी कसा दिसतोय’ हा विषयच नव्हता. समोरच्या माणसांची अडचण हा विषय होता, आणि त्यावर सांगण्यासारखं काही त्यांच्याजवळ होतं.

तुमच्या त्या जिन्यातल्या पठ्ठ्याचंही तेच झालं. जिन्यात त्याचं लक्ष मित्राला मोटर कळते की नाही याच्यावर होतं. आत त्याचं लक्ष स्वतःवर होतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्यापासून तुम्ही वर्गात नुसता कालवा कराल. कमी बोलणं हा दोष नाही. गांधीजींनीच लिहिलंय की या संकोचाने आपल्याला शब्द जपून वापरायला शिकवलं. मला बडबडे नको आहेत. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण खरी आहे, पण तुम्ही तिचा उपयोग पाणी खोल आहे हे सिद्ध करायला करता. गप्प राहिल्याने खोली वाढत नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणता. परीक्षक झाकल्या मुठीला मार्क देत नाही. थोडं बोला, पण जे येतं ते पूर्ण आवाजात बोला. आणि आपण किती नालायक आहोत याची माहिती कोणी विचारल्याशिवाय देऊ नका. नम्रता वेगळी आणि स्वतःची नालस्ती वेगळी. नम्र माणूस म्हणतो, ‘एवढं मला माहीत आहे, पुढचं माहीत नाही.’ तुम्ही ‘मला काही येत नाही’ म्हणता. ही नम्रता नाही, खोटं बोलणं आहे, कारण तुम्हाला पुष्कळ येतं. आणि अपेक्षाच ठेवू नका असं आधी सांगून टाकलं की आपटलो तरी लाज नाही, हा त्यातला हिशेबही मला कळतो.

घरच्यांसाठीही दोन शब्द, पालकसभेला सांगीनच. पाहुणे आले की मुलाला समोर उभं करून ‘आमचा बंड्या अगदी लाजरा हो, चार माणसांत तोंड उघडत नाही’ असं कौतुकाने सांगायची पद्धत आहे. बंड्या ते ऐकत असतो. त्याला आयती भूमिका मिळते आणि पुढची वीस वर्षं तो ती चोख वठवतो. मुलगी बोलकी असली की ‘फार तोंड करते’, मुलगा बोलका असला की ‘वकील होणार’. मग तिला कॉलेजात आणल्यावर मी तिला गट चर्चेत बोल म्हणायचं आणि तिने ओढणीचं टोक पिळत बसायचं. तिच्या तोंडाला कुलूप कॉलेजने घातलेलं नाही. पण पोरी, घरच्यांनी घातलं म्हणून तू जन्मभर किल्ली त्यांच्याकडेच ठेवणार आहेस का? एकोणीस वर्षांची झालीस. मतदान करतेस.

आता लिहून घ्या. या वर्गातले नियम आहेत, सुविचार नाहीत.

‘माझं वीक आहे’, ‘मला जमत नाही’, ‘माझा स्वभाव’ ही वाक्यं आजपासून बंद. त्या जागी नेमकं बोलायचं. ‘थ्री फेज मला येतं, सिंगल फेजचं डबल रिव्हॉल्व्हिंग फील्ड अजून नीट कळलं नाही.’ असं बोललात की दोन फायदे. परीक्षकाला तुम्हाला काय येतं ते कळतं, आणि रात्री काय वाचायचं ते तुम्हाला कळतं. ‘वीक आहे’मधून दोघांनाही काही कळत नाही.

रोज प्रत्येकाने एक मुद्दा शेजाऱ्याला मोठ्याने समजावून सांगायचा. मराठीत सांगा, मग हळूहळू इंग्रजी शब्द बसवा. शेजाऱ्याने शेवटी ‘छान’ म्हणायचं नाही. कुठे कळलं नाही तेवढं सांगायचं. ‘तू चांगला बोलतोस’ याने तुमचं पोट भरेल, पण ‘कपॅसिटरपाशी तू उडी मारलीस’ याने पुढच्या वेळी बोलणं सुधारेल. लोकांना तुम्ही कसे वाटता याचे अंदाज बांधत रात्री जागण्यापेक्षा सरळ विचारा. अंदाज फुकट असतो म्हणून खरा नसतो.

एका कागदावर तुम्ही स्वतःच्या हाताने केलेली कामं लिहा. विशेषणं नकोत. ‘हार्डवर्किंग’ लिहिलंत तर कागद परत. ‘गावच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर उघडून बेअरिंग बदललं’ हे लिहा. ‘बहिणीच्या लग्नाचा खर्च मांडला’ हेही चालेल. तुम्ही कोण आहात हे विचारल्यावर त्या कागदातून बोलायचं. काम सांगणाऱ्या माणसाला बढाया माराव्या लागत नाहीत आणि रडावंही लागत नाही.

आणि शेवटचं, हसणाऱ्यांचा नियम सांगून झालाच आहे. त्यात सूट नाही.

हे सगळं आठ दिवसांत तुम्हाला दुसरा माणूस करील, असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा आवाज फाटेल, वाक्य मोडेल, कोणीतरी डोळे वटारेल. होऊ द्या. मोडक्या वाक्यातलं बरोबर उत्तर गप्प बसण्यापेक्षा वरचढ असतं, आणि दहा मोडक्या वाक्यांनंतरचं अकरावं नीट येतं. हे मी दरवर्षी बघतो. बोलायला लागलेला मुलगा दिवाळीनंतर वेगळा चालतो, वेगळा बसतो, आणि मग म्हणतो, ‘सर, माझा आत्मविश्वास वाढला.’ आधी काय झालं आणि नंतर काय, हे त्याला कळत नाही. तुम्ही तरी लक्षात ठेवा.

खरी तोंडी सोमवारपासून आहे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला तुम्ही कोण आहात हे सांगणारा त्या खोलीत दुसरा कोणीही नसेल. मी नसेन, तुमचे आईवडील नसतील, जिन्यातला मित्रही नसेल. तेव्हा जे खरं आहे ते सांगा, सगळं सांगा आणि ऐकू येईल असं सांगा. तुमची ओळख तुम्हीच चुकीची करून दिलीत, तर कमी मार्कांची तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका. वह्या उघडा.